ट्रक हेच घर: लांब पल्ल्यावर निघणाऱ्या नव्या ड्रायव्हरसाठी

क्लीनर म्हणून काही वर्षं काढली, ट्रान्सपोर्टचं लायसन्स आलं आणि आता नॅशनल परमिटची बारा किंवा चौदा चाकी गाडी ताब्यात मिळाली, अशा माणसासाठी हे लिहिलं आहे. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस केबिनमध्येच जाणार. गाडी हाताला बसायला फार वेळ लागत नाही. नवा माणूस वर्षाच्या आत काम सोडतो किंवा गाडी ठोकतो, तो बहुतेक वेळा झोप, जेवण, पैसा आणि कागद यांची घडी न बसल्यामुळे. यात सगळ्यात आधी झोप बसवा. बाकीचं तिच्याभोवती बसतं.

गाडीत बसण्याआधी मालकाशी काय बोलायचं

पगार महिन्यावर की फेरीवर, हे तर सगळेच विचारतात. त्यापुढचे प्रश्न विचारायला नवा माणूस लाजतो आणि तिथेच पैसे जातात. रोजची खोराकी, म्हणजे जेवणखर्चाचे पैसे, किती, आणि गाडी माल उतरवायला दोन-तीन दिवस थांबली तर त्या दिवसांचीही मिळणार का? हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे पार्टीकडून (मालवाल्याकडून) आले तर त्यात ड्रायव्हरचा वाटा किती? पंक्चर, ग्रीसिंग, पार्किंग, ताडपत्रीची शिलाई कोणाच्या खात्यात? ई-चलान मालकाच्या नावावर येतं. वेगाचं चलान ड्रायव्हरच्या पगारातून आणि कागद संपल्याचं मालकाकडून, एवढं तरी आधी ठरवून घ्या. वाराई (माल चढवण्या-उतरवण्यासाठी मार्केटात घेतले जाणारे पैसे) आणि हमालीचंही तसंच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी मागणी वाहतूकदार वर्षानुवर्षं करत आले आहेत, तरी कित्येक मार्केटांत अजून ड्रायव्हरच्या खिशातून वाराई घेतली जाते. ती घेतली तर पावती मागा. पावती देत नसतील तर रक्कम, जागा आणि वेळ लिहून त्याच क्षणी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ठरलेलं सगळंच एका मेसेजमध्ये लिहून मालकाकडून ‘ठीक’ असं उत्तर घेतलं की पुढे वाद कमी होतात.

सोबत क्लीनर किंवा दुसरा ड्रायव्हर आहे का, हाही पगाराइतकाच मोठा प्रश्न आहे. एकट्याने चालवायची गाडी असेल तर पोहोचवण्याची मुदत एकट्या माणसाच्या झोपेला धरून असली पाहिजे.

विमा स्वतःचाही काढा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण देते. ती चालू आहे का हे पासबुकात बघा. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे नसले तर नूतनीकरण होत नाही.

केबिन

ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. कारचा मोबाइल चार्जर किंवा पंखा १२ व्होल्टचा असेल तर जळतो, म्हणून वस्तूवर ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलेलं पाहून घ्या. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टची तार काढायची युक्ती खूपजण करतात. त्यात ती बॅटरी दुसरीपेक्षा जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं, आणि काही महिन्यांत एक बॅटरी बसली की जोडीच बदलावी लागते. त्यापेक्षा २४ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. पंखा, दिवा, चार्जर, जे काही बाहेरून जोडाल त्याला बॅटरीजवळच फ्यूज हवा. सीटखाली घासलेली बिनफ्यूजची तार हे केबिनला आग लागण्याचं नेहमीचं कारण आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. पण एसी इंजिनावर चालतो. काचा लावून, इंजिन चालू ठेवून रात्रभर झोपायचं नाही. सायलेन्सर गळत असेल किंवा शेजारी दुसरी गाडी चालू असेल तर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत कळतच नाही. थंडीत उत्तरेकडे केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपणारे याच कारणाने दगावतात. दोन्ही काचा चार बोटं उघड्या, त्यांना वेल्क्रोने चिकटणारी मच्छरदाणीची जाळी, २४ व्होल्टचा छोटा पंखा आणि थंडीसाठी जाड गोधडी, एवढ्यात बारा महिने निभतं. गाडीखाली सावली असते म्हणून तिथे कधीही अंग टाकू नका, पाच मिनिटांसाठीही नाही.

पहिल्या फेरीला बरोबर घ्यायच्या गोष्टी: दोन चादरी आणि धुता येईल असा उशीचा अभ्रा, पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार, वापरायच्या पाण्याचा वेगळा कॅन, डोक्याला लावायची बॅटरी, मोठी पॉवरबँक, रेनकोट, जाड तळव्याचे बूट, रबरी हातमोजे, ओआरएसची पाकिटं, पट्टी-मलम आणि रोजची गोळी चालू असेल तर महिन्याचा साठा. गाडी चालवताना चप्पल नको. पेडलखाली अडकते.

जेवण

तिन्ही वेळा ढाब्यावर जेवलं तर खोराकी पुरत नाही आणि पोटही बिघडतं. बरेच जुने ड्रायव्हर रोटी ढाब्यावरून घेतात आणि भाजी-डाळ स्वतः करतात. हा मध्यम मार्ग चांगला आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय कंपनीच्या पेट्रोल पंपावर मिळतो. तो उभा, बांधून, केबिनच्या बाहेरच्या पेटीत ठेवा. बर्थखाली ठेवला आणि गळला तर गॅस जड असल्यामुळे खालीच साचतो आणि दिव्याच्या ठिणगीनेही पेटतो. स्वयंपाक गाडीबाहेर, डिझेल टाकीपासून लांब. कापूस, कडबा, केमिकल भरलं असेल तेव्हा चूल पेटवायची नाही, आणि तेल डेपोत जायचं असेल तर सिलिंडर गाडीत असायलाच नको.

तीन लिटरचा कुकर बहुतेक सगळं करतो. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, कांदा-बटाटा, हळद-तिखट आणि चार वाट्या पाणी. तीन शिट्ट्या, मग दहा मिनिटं झाकण तसंच. दोन माणसांची खिचडी झाली. घरून निघताना शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, भाजलेले पोहे, दशम्या घ्या. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, दशमी तीन दिवस. चालवण्याआधी पोटभर भात किंवा तेलकट जेवण केलं की तासाभरात डोळे जड होतात. मोठं जेवण मुक्कामाला करा, दिवसा थोडं थोडं खा. अनोळखी माणसाने दिलेला चहा, पेढा, प्रसाद घेऊ नका. गुंगी देऊन गाडी लुटण्याची ती जुनी पद्धत आहे.

किती चालवायचं, कधी झोपायचं

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, मग त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जुन्या कायद्यानुसार दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात गाड्या यापेक्षा कितीतरी जास्त चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आकडा डोक्यात ठेवा. भरलेल्या गाडीचा टोल, ढाबा, घाट धरून सरासरी वेग ताशी ४०–४५ पडतो. म्हणजे आठ-नऊ तासांत साधारण ३५०–४०० किलोमीटर. नाशिकहून आग्रा रोडने दिल्ली सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे एकट्याला चार दिवस. ‘तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली पाहिजे’ असं कुणी म्हटलं तर तो माणूस तुमची एक रात्र मागतो आहे. नाही म्हणायचं, आणि ते भरायच्या आधी म्हणायचं. ई-वे बिलसुद्धा (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस देतं, म्हणजे या अंतराला सात दिवस. घाई कागदाची नसते.

पहाटे २ ते ५ ही सगळ्यात वाईट वेळ, मग दुपारी २ ते ४. शरीराचं घड्याळच तसं आहे, ताकदीचा प्रश्न नाही. पहिल्या वर्षात रात्री ११ ते पहाटे ५ गाडी उभी ठेवायचा नियम करा. शहरातल्या नो-एंट्रीमुळे रात्रीच आत जावं लागत असेल, तर त्या दिवशी दुपारी चार-पाच तास झोपून घ्या.

मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येते, पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट उशिरा दिसतो: ही डुलकीची लक्षणं आहेत. तोंडावर पाणी, मोठ्याने गाणं, तंबाखू यांनी पाच-दहा मिनिटं जातात, झोप जात नाही. जवळच्या पंपावर गाडी घ्या, कडक चहा प्या आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहाचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर दहा मिनिटं चाला, मग चावी लावा. डोडा (अफूची बोंडं), भुकटी, जागं ठेवणाऱ्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नका. असर उतरला की माणूस स्टिअरिंगवरच कोसळतो, शिवाय डोडा बाळगणं हा अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे.

समृद्धी महामार्गावर हा धोका वेगळ्या तऱ्हेने येतो. ७०१ किलोमीटरचा, बहुतेक सरळ, सपाट, एकसुरी रस्ता; ट्रकला वेगमर्यादा ८०. तिथे दर दोन तासांनी उतरून टायरला हात लावायचा नेम करा. टायरही बघून होतात आणि डोळेही उघडतात. थांबायचं ते पंपावर किंवा थांब्यावरच. कडेच्या पट्टीत दिवे बंद करून उभ्या केलेल्या ट्रकवर मागून कार घुसण्याचे अपघात याच रस्त्यावर होतात.

मुक्कामाची जागा

सीसीटीव्ही आणि दिवे असलेला, रात्री माणूस जागा असतो असा मोठा पंप निवडा. राष्ट्रीय महामार्गांवर सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या विश्रांतीच्या जागा आहेत. पलंग, अंघोळ, स्वतः करून खायला जागा, असं सगळं मिळतं आणि त्यांच्या अ‍ॅपवर आधी जागा धरता येते. पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट मिळायला हवी. बिनधास्त मागा.

डिझेल टाकीची बाजू भिंतीला लागेल अशी गाडी लावा. टाकीला कुलपाचं झाकण आणि नळी आत जाऊ नये म्हणून आतली जाळी बसवून घ्या. उभं राहिल्यावर डिझेलच्या काट्याचा, किलोमीटरचा आणि मालाच्या सीलचा फोटो काढा, सकाळी परत काढा. चोरी झाली तर कधी झाली ते सांगता येतं, आणि मालकाचा संशय तुमच्यावर येत नाही.

सकाळची फेरी

चावी लावायच्या आधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर. हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा. प्रत्येक टायरवर एक ठोका: भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला बोदा. मागच्या जोडीतला आतला टायर बसला असेल तर बाहेरून दिसत नाही. सगळा भार बाहेरच्यावर येऊन तो तापतो आणि पुढच्या शंभर किलोमीटरांत फुटतो. जोडीत अडकलेला दगड काढा. हवा थंड टायरवरच मोजा आणि किती हवी ते कंपनीच्या तक्त्यावरून घ्या. दुपारी टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. सोडली तर टायर आणखी दबतो, आणखी तापतो. नटाभोवती गंजाची लालसर रेघ दिसली तर नट ढिला आहे. चाक बदललं असेल तर ५०–१०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा.

ब्रेकला हवा पुरवणाऱ्या एअर टाकीचा कॉक ओढून पाणी काढा. मग हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत काटा ८ बारच्या आसपास थांबतो. इंजिन बंद करून ब्रेक एक मिनिट दाबून धरा. काटा सरकताना दिसला तर गळती आहे, ती काढल्याशिवाय निघू नका.

बीएस-६ गाडीत युरिया, म्हणजे डीईएफ, डिझेलच्या ४–६ टक्के लागतो. ३०० लिटर डिझेलला १२ ते १८ लिटर. सीलबंद बादलीच घ्या. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकणारे महाभाग रस्त्यात भेटतील. त्याने नोझल आणि कॅटॅलिस्ट खराब होतात, गाडीची ताकद आपोआप कमी होते आणि खर्च लाखात जातो.

घाट

इथे घाई करणारा दुसरी संधी घेऊन येत नाही, म्हणून सविस्तर.

कसारा असो, बोरघाट असो, खंबाटकी असो, ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढ चढेल त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच टाका. एकदा वेग चढला की खालचा गिअर पडत नाही. प्रयत्नात गाडी न्यूट्रलला राहते आणि मग काहीच हातात उरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक) वरूनच चालू ठेवा.

ब्रेकवर पाय सतत ठेवून उतरू नका. वेग ३० वर गेला की ठाम दाबा, २० वर आणा, पूर्ण सोडा. गाडी हळूहळू पुन्हा ३० वर येईपर्यंत ब्रेकच्या ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. हलका हलका ब्रेक धरून ठेवला तर लायनर सतत घासतो, जळतो आणि पकड सोडतो. त्या वेळी हवेचा काटा पूर्ण असतो, पेडल नेहमीसारखं दाबलं जातं, फक्त गाडी थांबत नाही. जळका वास आला की जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर त्याला तडा जातो.

न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचतं हा समज चुकीचा आहे. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन सुरू ठेवायला उलट डिझेल लागतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार तीव्र वाटत नाही, म्हणून तिथे गाडी न्यूट्रलला सोडण्याचा मोह होतो. त्या उतारावर अवजड गाड्यांनी किती माणसं मारली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधी गिअर खाली आणा.

ब्रेक गेलाच तर दिवे आणि हॉर्न चालू ठेवा, खालचा गिअर पडतो का बघा, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराकडे घासत न्या. दरीची बाजू आणि पुढची वाहनं, दोन्ही सोडून.

माल आणि कागद

भरून झाल्यावर पहिल्या वजनकाट्यावर वजन करा आणि पावतीचा फोटो ठेवा. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,००० रुपये. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती), इनव्हॉइस आणि ई-वे बिलवरचा गाडी नंबर एकच आहे ना, हे फाटकाबाहेर पडायच्या आधी वाचा. एक आकडा चुकला तरी गाडी अडकते. गाडी बंद पडून ई-वे बिलाची मुदत संपत आली तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते, म्हणून मालकाला वेळेत फोन करा. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट, लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवलं तरी चालतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांनी संपतं, तारीख फोनवर लावून ठेवा.

दोन ताडपत्र्या जोडताना मागची आधी टाका आणि पुढचीची कड तिच्यावर आणा, म्हणजे वारा आत शिरत नाही. निघाल्यावर ३०–४० किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ताणा. माल बसला की दोर ढिले पडतातच. उतरवल्यावर पोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती, सही-शिक्क्याची आणि तारखेसह घ्या. माल कमी किंवा भिजलेला असल्याचा शेरा मारला असेल तर सही करण्याआधी मालकाला फोन.

शरीर

लघवी लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं, ही सवय मुतखड्याकडे नेते. दिवसाला तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर वेळी उतरताना हात-पाय मिळून तीन ठिकाणी आधार धरून, तोंड गाडीकडे करून उतरा. उडी मारल्याने गुडघे आणि कंबर जातात. डोळे, रक्तदाब आणि साखर सहा महिन्यांनी तपासा. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलय दिसत असेल तर वाट पाहू नका. घरापासून लांब असताना शरीरसंबंध आला तर निरोध वापराच. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते आणि नाव गुप्त राहतं, माहितीसाठी १०९७. मन फार खचलं, झोप येईनाशी झाली, तर १४४१६ वर मराठीत बोलता येतं. घरच्यांशी रोज ठरलेल्या वेळी बोला, गाडी उभी करून.

बंद पडली, अपघात झाला

रात्री गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा आणि त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. दगड-फांद्या ठेवल्या असतील तर निघताना एक न एक उचला. मागे राहिलेल्या दगडावर पहाटे दुचाकीवाला जातो. जॅक अ‍ॅक्सलखालीच, मऊ जमिनीवर खाली फळी. मदतीला राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८.

अपघात झाला तर जखमीला मदत मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर थांबण्याचं बंधन नाही, पण सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हा. पळालेला ड्रायव्हर चूक नसतानाही दोषी दिसतो. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या बिनपैशांच्या उपचारांची योजना आहे. रुग्णालयात तिचं नाव घ्या.

हिशेब

शंभर पानी वही, प्रत्येक फेरीला नवं पान. डाव्या बाजूला मिळालेला अ‍ॅडव्हान्स, उजवीकडे खर्च, त्याच दिवशी लिहिलेला. डिझेलचा अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल काढा: दुसऱ्यांदा फुल करताना जितके लिटर बसले, त्याने मधले किलोमीटर भागा. भरलेली आणि रिकामी फेरी वेगळी लिहा. मालक दोन्हींचा एकच आकडा धरून डिझेल कापत असेल तर हीच वही पुढे ठेवता येते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघायच्या आधी बघा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. खोराकीतून उरलेले पैसे रोज घरच्या खात्यावर टाका आणि खिशात दोन दिवस पुरतील इतकेच ठेवा. फेरी संपली की पुढचा अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी मागचा हिशेब मालकासमोर पूर्ण करा आणि पानावर दोघांची सही घ्या.